वहिनींचे हात, फुकटचा शांपू आणि 15 पीपीएम

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. साकीनाक्याला एका छोट्या युनिटमध्ये फॉर्म्युलेशनचं काम करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या नावाने विकले जाणारे शांपू, बॉडीवॉश, लोशन आम्ही बनवून बाटल्यांत भरून देतो. सतरा वर्षं झाली. शांपूत माल सडू नये म्हणून घालतात त्या एका रसायनाच्या, म्हणजे प्रिझर्वेटिव्हच्या, अ‍ॅलर्जीची ही गोष्ट माझ्याच घरातल्या माणसाची आहे आणि त्यात माझा हात आहे (अगदी शब्दशः, पुढे कळेल), त्यामुळे लिहायला जरा उशीरच केला. वहिनी म्हणाल्या लिहा भाऊजी, फक्त माझं नाव घालू नका, गिऱ्हाइकं घाबरतील.

तर वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, वय 41, काळाचौकीला राहतात आणि बिल्डिंगच्या खालच्याच गाळ्यात पार्लर चालवतात, नऊ वर्षं होत आली. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, हेअर स्पा, लग्नसराईत ब्रायडल. हाताखाली एक मुलगी आहे पण केस धुण्याचं काम बहुतेक त्या स्वतःच करतात, दिवसाला सात-आठ डोकी सहज होतात, शनिवार-रविवार जास्त. खोट्या कानातल्यांचा त्रास सोडला तर याआधी कसली अ‍ॅलर्जी म्हणून नाही, कोळंबी-खेकडे सगळं खातात, दमा नाही, लहानपणी खरूज-बिरूज पण नाही.

2023 च्या जुलैत सुरू झालं. उजव्या हाताच्या अंगठीच्या बोटाला, अंगठीखाली, लालसर गोल आणि भयंकर खाज. अंगठी काढली. मग दोन बोटांच्या मधल्या बेचक्यात बारीक बारीक पाणी भरलेले दाणे आले, भिजवलेला साबुदाणा कसा दिसतो अगदी तसे, कातडीच्या आत रुतलेले. ते फुटले की लस येणार, वाळले की पापुद्रे निघणार आणि मग भेगा. लिंबू पिळताना डोळ्यात पाणी यायचं म्हणे. ऑगस्टपर्यंत दोन्ही हात.

आता चाळीतून बिल्डिंगमध्ये आलेली वस्ती, प्रत्येकाचं निदान तयार. समोरच्या काकू म्हणाल्या पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला उकळला. कोणी म्हणालं नायटा आहे, पावसाळ्यात होतोच. दादा नेहमीप्रमाणे मेडिकलवर गेला आणि मेडिकलवाल्याने ती ट्यूब दिली जी तो सगळ्यांनाच देतो, एकाच मलमात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही. चार दिवसांत हात एकदम गुळगुळीत. सगळे खूष. ट्यूब बंद केली की आठवड्यात परत, आणि दर खेपेला आधीपेक्षा जरा जास्त. असं तीन ट्यूबा चाललं. हे मलम इथे वाईट का तर स्टिरॉइड सूज दाबतं, म्हणून वाटतं रोग कळला, पण कळलेलं काहीच नसतं, आणि महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते, मग तिच्यातून बाहेरचं काहीही अजून सहज आत जातं. म्हणजे आपण दार उघडून देतोय.

सप्टेंबरात गणपतीला सगळे गावी गेले, राजापूरच्या बाजूला. अकरा दिवस. सातव्या-आठव्या दिवशी वहिनींचे हात स्वच्छ, मलम न लावता. सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं की गावचं पाणी. मीही होतो तिथे, मीही मान हलवली! खरं तर तिथे वहिनी पार्लर सोडून सगळी कामं करत होत्या, ढीगभर भांडीसुद्धा, फक्त वडीच्या साबणाने आणि काथ्याने. पाण्यातच हात होते की दिवसभर. पाण्याने होत असतं तर तिथेच जास्त झालं असतं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, माझा धंदा हाच आहे.

मुंबईला आल्यावर पाचव्या दिवशी परत साबुदाणा.

तेव्हा मी हुशारी दाखवली. म्हटलं हे हेअर डायचं आहे, पीपीडी, काळ्या रंगात असतं, पार्लरवाल्यांना नेहमी त्याचीच अ‍ॅलर्जी होते. डाय बंद करा. वहिनींनी महिनाभर डायचं काम हाताखालच्या मुलीकडे दिलं, हजार-दीड हजाराचा धंदा रोजचा तसा हलला, आणि फरक शून्य. दादा काही बोलला नाही पण त्याच्या चेहऱ्यावर होतं की हा मोठा केमिस्ट.

मग दिवाळीचा रंग. ऑक्टोबरच्या शेवटी घराला रंग काढला, वॉटरबेस इमल्शन, वास न येणारा, महागातला, कारण सासूबाईंना वास सहन होत नाही. रंगाऱ्यांनी हॉल संपवून बेडरूम घेतली त्या दिवशी संध्याकाळी वहिनींचे डोळे खाजायला लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्या अशा सुजल्या की एक डोळा निम्माच उघडत होता. गाल लाल, कानामागे लाल, मानेला पुरळ. रंगाला त्यांनी हातही लावला नव्हता. दोन दिवस माहेरी गेल्या, पनवेलला, सूज उतरली. घरी आल्या, रात्रीत परत. दादाने मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'अरे आता हे काय नवीन'.

तो फोटो मी लोकलमध्ये बघितला, घाटकोपरला उतरायचं राहिलं. कारण मला एकदम एक जुनी फाइल आठवली. काही वर्षांपूर्वी आमच्या एका एक्स्पोर्टवाल्या पार्टीसाठी मी युरोपच्या नियमांची फाइल तयार केली होती आणि त्यात एका प्रिझर्वेटिव्हबद्दल दोन-तीन पानं होती, त्यात रंगवलेल्या खोलीत नुसतं बसून चेहरा सुजणाऱ्या लोकांचा उल्लेख होता. मी ते वाचलं होतं, फॉर्म भरला होता, विसरलो होतो. शांपूतला आणि भिंतीच्या रंगातला पदार्थ एकच असू शकतो हे माझ्या डोक्यात माहिती म्हणून होतं, वहिनींच्या हाताशी ते मी कधी जोडलंच नाही.

पदार्थाचं नाव मिथाइलआयसोथायझोलिनोन, पुढे नुसतं एमआय म्हणतो नाहीतर लिहून हात दुखेल. त्याचा क्लोरीन लागलेला भाऊ आहे मिथाइलक्लोरोआयसोथायझोलिनोन, एमसीआय. दोघांचं तीनास एक मिश्रण (तीन भाग एमसीआय, एक भाग एमआय) दीड टक्क्याच्या पाण्यासारख्या द्रावणात मिळतं आणि आमच्या धंद्यात त्याला सरसकट काथॉन म्हणतात, मग बनवणारा कोणीही असो, जसं सगळ्या फोटोकॉपीला झेरॉक्स. मस्जिद बंदरच्या केमिकल बाजारात विचारा, कॅन काढून देतील.

ही वस्तू कामाला जबरदस्त आहे हे आधी कबूल करायला पाहिजे. रेणू एवढासा, एमआयचं रेणुभार फक्त 115, पाण्यात मस्त विरघळतो, रंग नाही, वास नाही, बॅक्टेरिया आणि बुरशी दोन्ही मारतो आणि ते पण दशलक्षात काही भाग एवढ्याशा मात्रेत, म्हणून स्वस्त. पाच कोनांचं एक कडं आहे, त्यात गंधक आणि नायट्रोजन शेजारी-शेजारी बसलेत आणि त्या दोघांमधला बंध कच्चा आहे. जंतूच्या एन्झाइममधला गंधकवाला गट, थायॉल म्हणतात त्याला, या बंधावर झडप घालतो, कडं उघडतं, रेणू एन्झाइमला चिकटतो, एन्झाइम बंद, जंतूचं दुकान बंद. आता गंमत अशी की थायॉल आपल्या कातडीतल्या प्रथिनांतही असतात. हा चिमुकला रेणू वरच्या थरातून आत सरकतो, तिथल्या प्रथिनाला तसाच चिकटतो आणि ते चिकटलेलं जोडकाम आपल्या रोगप्रतिकारक पेशींना परकं दिसतं. म्हणजे ज्या गुणामुळे तो बाटली टिकवतो त्याच गुणामुळे कातडी बिघडवतो, एक काढून दुसरं ठेवता येत नाही.

आणि ही अ‍ॅलर्जी शिंक किंवा गांधी उठण्यासारखी लगेचची नाही. पहिल्यांदा शरीर गुपचूप ओळख करून घेतं, त्याला महिने लागोत नाहीतर वर्षं, वहिनींना आठ वर्षं काही झालं नव्हतंच. एकदा टी पेशींनी ओळख पक्की केली की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी उद्रेक होतो. सोमवारी हात धुतला, बुधवारी खाज. त्यामुळे माणूस बुधवारी काय केलं ते शोधत बसतो. ओळख पुसत नाही, ती जवळजवळ जन्माची.

हे आलं कुठून याची गोष्ट पण सांगतो कारण त्यात आमच्या धंद्याची लाज आहे. काथॉन 1980 च्या आसपासपासून वापरात आहे, त्याच्या अ‍ॅलर्ज्या तेव्हाच दिसल्या म्हणून मात्रा बांधली गेली, धुऊन टाकायच्या वस्तूत 15 पीपीएम (दशलक्षात 15 भाग). त्या 15 मध्ये एमआय जेमतेम पावणेचार. मग डोकं चाललं की जास्त त्रास देणारा तो क्लोरीनवाला भाऊ आहे, मग एकट्या एमआयला घेऊ. पण एमआय कमी ताकदीचा, म्हणून मात्रा वाढवावी लागली, आणि 2005 पासून युरोपने तो एकटा 100 पीपीएमपर्यंत चालू दिला. पावणेचारचे शंभर! त्यातच 2004 मध्ये ब्रिटनमधून पॅराबेनचा (हेही प्रिझर्वेटिव्हच, जुनं आणि सर्रास वापरलं जाणारं) तो अभ्यास आला, स्तनाच्या गाठींच्या वीस नमुन्यांत पॅराबेन सापडले म्हणून. पॅराबेनने कॅन्सर होतो असं त्यात सिद्ध झालं नव्हतं, पण जाहिरातवाल्यांना एवढं पुरलं आणि जगभर डब्यांवर 'पॅराबेन-फ्री' झळकलं. पॅराबेन काढलं तर जागी काहीतरी घालावं लागणारच ना, बऱ्याच जणांनी हे घातलं. वेट वाइप्समध्ये, क्रीममध्ये, सगळीकडे. मग युरोपातले स्किनचे डॉक्टर ओरडायला लागले, 2013 मध्ये अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिसच्या (कातडीला काही लागून होणाऱ्या दाहाच्या) डॉक्टरांच्या सोसायटीने एमआयला त्या वर्षीचा अ‍ॅलर्जन म्हणून जाहीर केलं. युरोपने 2015 ला ते मिश्रण अंगावर राहणाऱ्या वस्तूंतून काढलं, फेब्रुवारी 2017 ला एमआय काढलं, 2018 ला धुऊन टाकायच्या वस्तूतली एमआयची मर्यादा शंभरवरून 15 वर आणली. आणि त्याच अमेरिकन सोसायटीने 2019 ला पॅराबेनला काय किताब दिला? त्या वर्षीचा 'नॉन-अ‍ॅलर्जन'. म्हणजे ज्याला हाकललं तो बिचारा सगळ्यात गरीब निघाला.

असो. नोव्हेंबरात मी वहिनींना म्हटलं मेडिकलवाला बास, माझं पण बास, पॅच टेस्ट करा. महापालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत गेलो. डॉक्टरीणबाईंनी हात बघितले, पापण्यांचा फोटो बघितला, रंगाचं ऐकलं आणि सांगितलं की आधी मलम पूर्ण थांबवा आणि डिसेंबरच्या शेवटी या, घामात पट्ट्या टिकत नाहीत. हे मुंबईचं खास. पाठीवर छोट्या छोट्या वाट्यांच्या पट्ट्या चिकटवतात, एकेका वाटीत एकेक पदार्थ, दोन दिवस तशाच ठेवायच्या, पाठ भिजवायची नाही, घाम आणायचा नाही. वहिनी दोन दिवस पार्लर बंद करून पंख्याखाली बसून होत्या, लोकलमध्ये चढल्या असत्या तर पट्ट्या दुसऱ्याच्या पाठीवर गेल्या असत्या.

मी एक गोष्ट आवर्जून विचारली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या हो, आम्ही लावतोच: काथॉनच्या मिश्रणाबरोबर एकट्या एमआयची वेगळी वाटी. मिश्रणाच्या चाचणीत एमआय इतका कमी असतो की फक्त एमआयवाल्या लोकांची चाचणी कोरी येऊ शकते आणि माणूस मग म्हणतो मला प्रिझर्वेटिव्हची अ‍ॅलर्जी नाही. एमआय 0.2 टक्के लावतात, म्हणजे 2000 पीपीएम, ऐकायला खूप वाटतं पण जागा टिकलीएवढी असते.

48 तासांनी पट्ट्या काढल्या तर निकेलला थोडं लाल (खोटे कानातले, ते त्यांना आधीच माहीत होतं), पीपीडीला काही नाही, आणि एमआयच्या जागी नुसता गुलाबी डाग. मला वाटलं परत चुकलो. पण चौथ्या दिवशी परत बोलावतात ते याचसाठी. तेव्हा त्याच जागी उठून आलेला, कडक, वर बारीक पाण्याचे दाणे असलेला गोल. दोन अधिक (++), म्हणजे जोरदार पॉझिटिव्ह. मिश्रणाला पण दोन अधिक. वहिनींना पाठीवरचा फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, अहो हे तर माझ्या बोटावरचंच आहे. त्याहून नेमकं निदान मला तरी सांगता आलं नसतं.

पुढचा रविवार आम्ही छापा टाकल्यासारखा घालवला. पार्लर आणि घर मिळून जेवढ्या बाटल्या होत्या त्या गाळ्याच्या मधोमध मांडल्या, 43 निघाल्या, आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून मागची यादी वाचायची. आपल्याकडे 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे घटकांची यादी छापावी लागते, जास्तीपासून कमीकडे, पण एक टक्क्याच्या खालचे घटक कुठल्याही क्रमाने टाकता येतात, म्हणून आपला एमआय नेहमी शेपटीला सापडतो, सेंट आणि रंगाच्या जवळपास. आणि 60 मिलीपेक्षा लहान लिक्विड पॅकला यादीची सक्तीच नाही, म्हणजे शांपूचे पाऊच, जे चाळीत सगळ्यात जास्त खपतात, त्यावर शोधायला जाऊ नका. भांड्यांचं लिक्विड, कपड्यांचं कंडिशनर, भिंतीचा रंग ही तर सौंदर्यप्रसाधनंच नाहीत, त्यांना हा नियम लागतच नाही. वॉटरबेस रंगात टर्पेंटाइनसारखा सॉल्व्हंट जवळजवळ नसतो, पाणी असतं, डब्यात सडू नये म्हणून त्यात हेच घालतात आणि भिंत वाळली तरी ते कित्येक आठवडे हळूहळू हवेत सुटत राहतं. बिनवासाचा रंग घेतला म्हणून आपण खूष, आणि पापणीची कातडी अंगातली सगळ्यात पातळ, ती आधी बोंबलते.

43 पैकी यादीवर स्पष्ट सापडलेल्या सात. त्यात एक वेट वाइप्सचं पाकीट, ज्याने वहिनी वॅक्सनंतर गिऱ्हाइकाचे हात पुसायच्या आणि उन्हाळ्यात स्वतःचा चेहरा पण. यादी नसलेल्या पाच. त्यातला एक म्हणजे बेसिनजवळचा पाच लिटरचा हँडवॉशचा कॅन, गुलाबी रंगाचा, वर फक्त गुलाबाचं चित्र आणि कोणाचा तरी मोबाइल नंबर. महिन्याला एक मुलगा स्कूटरवर आणून देतो, ब्रँडेडच्या एक तृतीयांश भावात. दिवसाला तीस-चाळीस वेळा वहिनी त्याने हात धुणार, प्रत्येक गिऱ्हाइकाआधी आणि नंतर, स्वच्छता म्हणून.

मी त्या नंबरवर फोन केला, धंद्यातलाच माणूस आहे सांगितलं, बनवणारा बोलला मोकळेपणाने. माणूस वाईट नाही. पोटमाळ्यावर 50 लिटरच्या ड्रममध्ये बनवतो. मी विचारलं प्रिझर्वेटिव्ह काय, म्हणाला काथॉन. किती? म्हणाला, साहेब दोन ग्लास. कसला ग्लास? कटिंगचा.

मी हिशोब घातला तो इथे पण घालतो कारण सगळं प्रकरण यात आहे. कटिंगचा ग्लास नव्वदेक मिली धरा, दोन म्हणजे 180. पन्नास लिटरमध्ये 180 मिली म्हणजे 0.36 टक्के, आणि कॅनमधलं द्रावण दीड टक्क्याचं, म्हणजे तयार मालात 54 पीपीएम. मर्यादा 15. पन्नास लिटरला 50 मिली पुरे होतं, अर्ध्या ग्लासाच्या थोडं वर. मी म्हटलं एवढं कशाला, तर म्हणाला पावसाळ्यात एक लॉट वास मारायला लागला होता, तेव्हापासून एक ग्लासाचे दोन केले. त्याने ते गरम असतानाच घातलं म्हणून उडालं असणार, हा क्लोरीनवाला भाऊ 45 डिग्रीच्या वर आणि पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) आठच्या वर टिकत नाही, सगळ्यात शेवटी, थंड झाल्यावर टाकायचं असतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं तो ग्लास वेगळा ठेवता ना? थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, धुतो ना साहेब.

हे मला जास्त लागलं. कारण कॅनमधलं ते दीड टक्क्याचं पाणी शांपूतल्याएवढं सौम्य नसतं. युरोपच्या वर्गीकरणात या मिश्रणाचं द्रावण 0.6 टक्क्यापासूनच त्वचा जाळणारं आणि डोळ्याला कायमची इजा करणारं धरतात, आणि 15 पीपीएमपासून वर अ‍ॅलर्जी जडवू शकणारं. आमच्याकडे एकदा एका हेल्परच्या मनगटावर कॅन ओतताना सांडलं, ग्लव्हजच्या आत गेलं, त्याला वाटलं पाणीच आहे, तासाभराने चुरचुर सुरू झाली तेव्हा काढलं. भाजल्यासारखा पट्टा, जखम भरायला तीन आठवडे. अशा एका भाजण्यानेही माणूस जन्माचा अ‍ॅलर्जिक होऊ शकतो. लगेच ग्लव्हज काढून वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं, डोळ्यात गेलं तर तसंच धूत डॉक्टरकडे. सांडलेलं आम्ही सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्याने मारतो, त्यातला गंधक ते कडं फोडून टाकतो. गटारात ओतायचं नाही, मासे आणि पाण्यातल्या जिवांना ते फार विषारी आहे. ड्रम, पोटमाळा, कटिंगचा ग्लास, आणि हातात ग्लव्हजसुद्धा नाहीत. त्या माणसाला मी मोजमापाचा प्लास्टिकचा जार नेऊन दिला, बिल न लावता.

आणि आता माझा हात. सात सापडलेल्या बाटल्यांमध्ये तीन कॅन आमच्या युनिटचे होते. ट्रायल बॅचेस होतात, पार्टी रंग नाहीतर सेंट नापास करते, दहा-वीस लिटर उरतं, मी गेली सहा-सात वर्षं ते वहिनींना नेऊन देतोय. फुकटचा शांपू, भाऊजींचं प्रेम. आधी आमच्यात पॅराबेन असायचे. मग एका पार्टीला लेबलवर 'पॅराबेन-फ्री' पाहिजे होतं आणि फॉर्म्युला मीच बदलला, काथॉन टाकलं, 14 पीपीएम, नियमात चोख, रिपोर्ट आहेत. चूक काय सांगायची तर नियमात बसणारी काहीच नाही. पण ती मर्यादा घरी आठवड्यातून दोनदा डोकं धुणाऱ्या माणसाच्या हिशोबाने आहे, दिवसाला आठ डोकी, वर चाळीस वेळा हँडवॉश, मग घरी भांडी, अशा हातांच्या हिशोबाने नाही. प्रत्येक बाटली आपापल्या मर्यादेत असते, हात मात्र एकच असतो. शिवाय मर्यादा ही नवीन माणसाला अ‍ॅलर्जी लागू नये म्हणून असते, ज्याला लागली त्याला 15 पण जास्त.

मी हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या, हातात कापसाचे मोजे आणि वर प्लास्टिकचे. म्हणाल्या, मग भाऊजी तुम्ही प्रिझर्वेटिव्ह नसलेलाच बनवा ना. सगळे हेच म्हणतात. म्हणून मी त्यांना गुपचूप एक बाटली दाखवली जी मी मुद्दाम ठेवलीये: एका हौशी पार्टीने हट्टाने काहीही न घालता बनवून घेतलेलं कोरफडीचं जेल. जुलैत बनवलं, बाराव्या दिवशी पृष्ठभागावर करडी लव, झाकण उघडलं की ओल्या पोछ्याचा वास. मुंबईच्या पावसाळ्यात पाणी आणि वनस्पतीचा गर एकत्र ठेवणं म्हणजे जंतूंना जेवायला बसवणं, आणि असलं जेल वॅक्सनंतरच्या सोललेल्या कातडीवर किंवा डोळ्याजवळ लावलं तर एमआयपेक्षा वाईट होऊ शकतं. माझं मत विचाराल तर अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशन-वाइप्समध्ये हे असूच नये, धुऊन टाकायच्या वस्तूत मोजून चालेल, पण पार्लर पॅकवर मोठ्या अक्षरात लिहावं. आणि 'पॅराबेन-फ्री' लिहिणाऱ्याला विचारावं की मग काय घातलंयस बाबा.

मी युनिटमध्ये पार्लर पॅकचा शांपू फेनॉक्सिइथेनॉल आणि सोडियम बेंझोएट या दुसऱ्या प्रिझर्वेटिव्हांवर आणला, बेंझोएटसाठी पीएच पाचच्या आसपास उतरवावा लागतो, दोन बॅचेस पातळ होऊन फुकट गेल्या, किलोमागे खर्च वाढला, मालकाशी वाजलं. ते वेगळं.

घरातल्या रंगाचं काय केलं? युरोपात काही ठिकाणी रंगवलेल्या भिंतीवर सोडियम बायसल्फाइटचं पाणी मारून एमआय निकामी केलंय आणि माणसं परत घरात राहायला गेलीत. मी तयारीत होतो, पण त्यातून सल्फर डायऑक्साइडचा वास सुटतो आणि पुतण्याला दमा आहे, म्हणून नाही केलं. वहिनी पनवेलहून येऊन-जाऊन करत राहिल्या, खिडक्या दिवसभर उघड्या, पंखे चालू, डिसेंबरच्या मध्यावर त्रास थांबला. भांड्यांना वडी आली, काथ्या आला. वहिनी म्हणतात काथॉनने बिघडलं आणि काथ्याने सुधारलं. वडीत पाणी फार कमी असतं, त्यामुळे तिला असलं काही घालायची गरज पडत नाही, एवढं साधं आहे ते. पार्लरच्या बेसिनवर पण वडीच, जाळीच्या साबणदाणीत. मार्चपर्यंत हात स्वच्छ झाले. एका बोटाच्या पेरावर थंडीत अजून भेग पडते, तिला डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम, मोजून, सात दिवस.

मध्ये मे महिन्यात नालासोपाऱ्याला एका लग्नाला गेलो होतो. जेवण झालं, हॉलच्या बेसिनवर लिक्विड सोप, वहिनींनी सवयीने एकदा दाबला, एकदाच. तिसऱ्या दिवशी फोन. आता त्यांच्या पर्समध्ये सासूबाईंचा जुना पितळी करंडा असतो, कुंकवाचा, आणि त्यात सुरीने कापलेला साबणाच्या वडीचा तुकडा. परवा परत एका हळदीला बेसिनवर एक बाई त्यांच्याकडे टक लावून बघत होती, वहिनींनी करंडा उघडून पुढे केला आणि विचारलं, तुम्हाला पण हवा का?